पाचवं नाव

निमखेडीच्या गोवाल भिलाचं नाव ज्या दिवशी चोरांच्या यादीत गेलं, त्या दिवशी तो पाटलाच्या दारात कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन उभा होता. गुन्हा म्हणून काही असेल तर एवढाच.

झालं असं, की वरून हुकूम आला होता : गावातल्या पाच संशयित इसमांची नावं बापाच्या नावासकट कळवा. त्या वेळी पाटीलकी आताच्या झुलाल पाटलाच्या वडिलांकडे होती. चार नावं त्यांना चटकन सुचली. एकानं दुष्काळात कोंबड्या पळवल्या होत्या, दुसऱ्याचा भाऊ कधीतरी तुरुंगात जाऊन आला होता, तिसरा कुणाशी बोलत नसे, चौथा फार बोलत असे. पाचवं काही केल्या सुचेना. चारच कळवून भागलं असतं; पण छापील कागदावर पाच ओळी आखलेल्या होत्या, आणि सरकारनं आखलेली ओळ मोकळी ठेवायची म्हणजे सरकारचा अपमान. पाटील टाक कानावर ठेवून विचार करत बसले असताना दारातला उजेड अडला. कडब्याचा भारा घेऊन गोवाल आत येत होता.

"गोवाल," पाटील म्हणाले, "तुन्हा बापनं नाव काय रे?"

गोवाल तेव्हा बावीस वर्षांचा होता. पडीक जमिनी वाटणार आहेत असं त्यानं नंदुरबारच्या बाजारात ऐकलं होतं. त्यानं बापाचं नाव मोठ्या आनंदानं सांगितलं, आजोबांचंही सांगितलं. पाटलांनी बापाचं तेवढं लिहून घेतलं.

त्याला अठरा वर्षं झाली. यादीतले दोघे मानमोडीच्या साथीत गेले. एक सुरतेकडे मजुरीला गेला तो परत आला नाही. चौथा आंधळा झाला. हजेरीला येताना वाट दिसत नाही म्हणून त्याचं नाव कमी झालं. म्हणजे निमखेडीत आता सरकारमान्य चोर एकच उरला, गोवाल. त्यानं पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा चावडीवर येऊन पाटलासमोर हजेरी द्यायची, वहीत अंगठा उठवायचा. गाव सोडून जायचं तर पाटलाची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी दोन दिवसांची मिळे. त्याची मुलगी कालीबाई सातपुड्यात धडगावच्याही वर दिली होती. तिथं पायी जायलाच दोन दिवस लागत. म्हणजे दोन्ही वाटा पळत काढायच्या, आणि तरीही मुलीच्या दारात पोहोचून, आत न बसता, तिथूनच मागं वळायचं. त्यामुळं लग्नाला सहा वर्षं झाली तरी मुलीचं घर त्यानं पाहिलेलं नव्हतं.

पहाटे आणि दिवेलागणीला चोर असलेला हा माणूस मधल्या वेळात झुलाल पाटलाचा सालदार होता. पाटलाचे चार बैल त्याच्या हाती, मोट त्याच्या हाती, मिरच्या वाळत घातल्या की खळ्यावर राखणीला तोच. कापसाची गाडी भरून नंदुरबारला जायची तेव्हा पाटील गाडीत झोपी जाई आणि गोवाल हाकत असे. पाटलाला यात विसंगती वाटत नसे. बैलांच्या बाबतीत गोवाल त्याचा गडी होता आणि वहीच्या बाबतीत सरकारचा चोर. दोन खाती वेगळी होती.

झुलाल पाटील मुळात वाईट माणूस नव्हता. आळशी होता. दिवेलागणीची वेळ म्हणजे गुरवाच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगण्याची वेळ, आणि पहाट तर त्यानं बरीच वर्षं पाहिली नव्हती. म्हणून त्यानं एक सोय काढली.

"गोवाल, आठ दिनना आंगठा आजच दी टाक," तो रविवारी सकाळी म्हणे. "माले रोज रोज येवाले येळ नही."

"पन मी रोज येसू ना, आप्पा?"

"येवाले तर लागीनच. ये, पायरीवर बस, नि दिवा लागना की जाय."

अशी ती व्यवस्था. रविवारी वहीत पुढच्या रविवारपर्यंतचे अंगठे उठत आणि गोवाल रोज दोन्ही वेळा रिकाम्या चावडीच्या पायरीवर येऊन बसे. कुणी विचारणारं नसे. न येऊन चाललं असतं का? एखादे वेळी चाललंही असतं. पण ज्याच्या नावापुढं चोर लिहिलंय त्याला 'एखादे वेळी' परवडत नाही.

त्या वर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी गावजेवणाचं तपेलं नाहीसं झालं.

हे तपेलं तांब्याचं, मारुतीच्या देवळामागच्या बिनकुलपाच्या खोलीत पालथं घातलेलं असे. उचलायला दोन माणसं लागत. अखाजीनंतर भंडारा होता म्हणून बुधवारी सकाळी गुरवानं खोली उघडली, तर जमिनीवर तपेल्याचा गोल ठसा तेवढा होता. गुरव ओरडत बाहेर आला आणि घटकाभरात गाव देवळापुढं जमलं.

कुणी चोरलं असेल यावर फारशी चर्चा झाली नाही. जिथं चोर ठरलेलाच आहे तिथं चोरी शोधणं सोपं असतं.

"त्यानंच काम शे," एक म्हातारा म्हणाला. "दुसरा कोन शे गावमा?"

"पन तपेलं एकला मानूसले उचलतं नही," कुणीतरी म्हणालं.

"भील शे तो. दोन मानसंना जोर ऱ्हास त्यामा."

हे सगळ्यांना पटलं. आदल्याच महिन्यात हाच म्हातारा, भील लोक अंगचोर असतात, त्यांच्यानं काम होत नाही, असं सांगत होता. तेही सगळ्यांना पटलं होतं.

गोवाल तेव्हा मोटेवर होता. बोलावणं आलं तसा बैल सोडून, त्यांना पाणी दाखवून आला. नंदुरबारहून फौजदार चार शिपायांसह दुपारी पोहोचला, तोवर गोवालला चावडीच्या खांबाला बांधून ठेवलेलं होतं. बांधायचा दोर त्यानंच मागच्या पावसाळ्यात वळलेला होता, चांगला पक्का.

फौजदार तरुण होता, पुण्याकडचा, उन्हानं वैतागलेला.

"मंगळवारी संध्याकाळी कुठं होतास?"

"इथंच, साहेब. पायरीवर."

"काय करत होतास?"

"हजेरी."

"तपेलं कुठंय?"

गोवालला ते माहीत होतं. निदान त्या वेळेपर्यंत तरी त्याला ते माहीत होतं. मंगळवारी दिवेलागणीला तो पायरीवर बसला असताना पाटलीणबाईंच्या, म्हणजे तापीबाईंच्या, भावाची गाडी समोरून गेली होती. तापीबाई अखाजीला माहेरी चालल्या होत्या, रनाळ्याला. गोवाल उठून उभा राहिला होता. गाडीत मागं गोधडीखाली काहीतरी मोठं गोल होतं आणि गोधडी घसरली तिथून तांब्याची कड चमकली होती. त्यानं ते जसं पाहिलं तसं सांगितलं.

चावडीतल्या सगळ्यांच्या माना पाटलाकडं वळल्या. मग झुलाल पाटील उठला आणि त्यानं गोवालच्या थोबाडीत मारली. अठरा वर्षांत त्यानं गोवालला शिव्या पुष्कळ दिल्या होत्या, हात कधी लावला नव्हता.

"मन्ही बायकोवर चोरीना आळ लेस?" तो ओरडला.

"चोरी नही म्हनस मी, आप्पा. गाडीमा दखं ते सांगस."

"चोर तो चोर, वर घरंदाज बाईचं नाव घेतो," फौजदार म्हणाला आणि त्यानं शिपायांकडे पाहिलं.

पुढं जे झालं ते गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं. शिपायांनी त्याला पालथा पाडून तळपायांवर काठ्या मारल्या. मधेमधे थांबून तेच विचारत, तपेलं कुठंय. गोवाल दोनदा तेच म्हणाला, गाडीत. प्रत्येक वेळी 'गाडी' या शब्दावर जास्त मार पडे. त्याच्या ध्यानात आलं, की खरं बोलण्याचा इथं दर वेगळा आहे.

दुसरे दोघे तोवर त्याच्या झोपडीची झडती घेत होते. त्याच्या बायकोनं, फुलीबाईनं, दोन वर्षांपूर्वी बांधलेली मातीची कोठी त्यांनी फोडली. दोन माणसांचं तपेलं हातभर तोंडाच्या कोठीत कसं मावेल हे तिनं विचारलं नाही. ज्वारी अंगणात सांडली, गावातल्या कोंबड्या आल्या. तिच्या हातातल्या कथलाच्या पाटल्या संशयित माल म्हणून काढून घेतल्या. ती कोंबड्या हाकत बसली.

बुधवारची रात्र गोवालनं खांबापाशी काढली. पाय सुजून खुरांसारखे झाले होते. पण त्याला पायांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं छळलं. वीस वेळा एकच प्रश्न विचारला गेला की माणसाला वाटू लागतं, उत्तर आपल्याकडं असेल. गाडी खरंच गेली का? ती कड तांब्याचीच होती का? मावळतीच्या उजेडात पितळेची घागरही तशी दिसते. सगळं गाव म्हणतंय, पाटील म्हणतोय, पुण्याचा शिकलेला साहेब म्हणतोय. आपण मंगळवारी देवळाकडं गेलो होतो का? पहाटेपर्यंत तो मनातल्या मनात ते तपेलं उचलून बघत होता, कुठून धरलं असेल, कुठं ठेवलं असेल.

गुरुवारी सकाळी शिपायानं काठी उचलली तेव्हा तो म्हणाला, "नाल्यात पुरलंय."

फौजदाराचा चेहरा पहिल्यांदा खुलला. नाल्याच्या कोरड्या पात्रात गोवालनं हात केला तिथं चार माणसांनी खणलं. मग जरा अलीकडं खणलं, मग पलीकडं. दुपारपर्यंत नाल्याला कंबरभर खोल सहा खड्डे झाले. तपेलं निघालं नाही.

"बघा किती बेरकी आहे," फौजदार घाम पुसत म्हणाला. "कबूलही करतो आणि सापडूही देत नाही."

चावडीवर परत येऊन तो पंचनामा लिहायला बसला. आरोपी मंगळवारी सायंकाळच्या हजेरीस गैरहजर होता, असं त्याला लिहायचं होतं. चोरीची वेळ बसवायला तेवढं पुरे होतं. त्यानं हजेरीची वही मागितली. पाटील वही आणायला आत गेला तो बराच वेळ आला नाही. शेवटी शिपायानं जाऊन आणली.

फौजदारानं मंगळवार काढला. सायंकाळच्या रकान्यात अंगठा होता. पुढं पाटलाची सही, हजर.

"पाटील, हा तर हजर आहे."

"आंगठा दिधा नि मंग गया आसीन," झुलाल म्हणाला.

फौजदारानं मान हलवली आणि सहज पुढचं पान पाहिलं. बुधवार, हजर. गुरुवार, दोन्ही वेळा हजर. शुक्रवार, हजर. शनिवार, हजर.

"पाटील, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग शनिवारी हा माणूस हजर होता, हे तुम्हाला आज कसं कळलं?"

झुलाल पाटलानं पागोटं काढलं, आत पाहिलं, पुन्हा घातलं. आयुष्यात प्रथमच तो त्या चावडीत अशा जागी उभा होता, जिथं खरं सांगितलं तर पाटीलकी जाणार आणि खोटं सांगितलं तर तेही जमणार नव्हतं. वही खरी म्हणावी तर गोवाल निर्दोष. वही खोटी म्हणावी तर पाटीलच गुन्हेगार. तो खांबाशी बसलेल्या गोवालकडे अशा नजरेनं पाहू लागला, की जणू आता यानंच काहीतरी सुचवावं.

"मंगळवारी याला इथं बसलेलं कुणी पाहिलं?" फौजदारानं जमलेल्यांना विचारलं.

कुणी पाहिलं नव्हतं. त्या वाटेनं मंगळवारी दिवेलागणीला निम्मं गाव गेलं होतं, गुरं आणणारे, पाण्याला जाणाऱ्या. गोवालनं त्यातल्या प्रत्येकाला पाहिलं होतं आणि विचारलं असतं तर कुणाच्या डोक्यावर काय होतं तेही सांगितलं असतं. पण त्या पायरीवर अठरा वर्षं एक माणूस बसतो आणि पायरी जशी दिसत नाही तसा तोही दिसत नाही. काही हरवलं तरच दिसतो.

उन्हं कलली तेव्हा नंदुरबारच्या वाटेनं एक छकडा आला. त्यात कय्युम कल्हईवाला बसला होता आणि त्याच्या मागं, आतून चांदीसारखं लखलखणारं गावजेवणाचं तपेलं होतं. एवढी गर्दी आपल्या स्वागताला जमलेली पाहून कय्युम जरा गांगरला.

"पाटलीनबाईनी सांगं व्हतं, गुरुवारले लई ये," तो म्हणाला. "हाई तपेलं लई उनू. कोठे ठेवू?"

मग तो आपणहून सांगू लागला. मंगळवारी पाटलीणबाईंच्या भावाच्या गाडीतून आलं, भंडाऱ्याच्या आधी कल्हई करून हवं होतं, आत फार हिरवं झालं होतं, या भांड्यात वरण शिजवलं असतं तर निम्मं गाव आजारी पडलं असतं. तो कौतुकाची वाट पाहत थांबला. मग त्याला खांबाशी बसलेला माणूस आणि त्याचे पाय दिसले. छकड्यातून उतरून त्यानं आपला पाण्याचा बदना गोवालपुढं धरला. गोवाल सगळं पाणी प्यायला.

आता इथं एखादा म्हणेल की गाव शरमलं असेल. गावानं आधी तपेल्यात वाकून पाहिलं, हे खरं. मग तोच म्हातारा घसा साफ करून म्हणाला, की काही म्हणा, धाक पाहिजे. बांधून ठेवला म्हणून तपेलं परत तरी आलं. दुसरा म्हणाला, नुसतं आलं नाही, कल्हई होऊन आलं. हळूहळू लोकांना हे पटत गेलं. फौजदारापुढं मात्र अडचण होती. चोरी झालीच नाही असं लिहावं तर ते सहा खड्डे कशासाठी खणले? त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं : 'कसून तपास करता माल जसाच्या तसा मिळाला. संशयितास समज देऊन सोडले.' याबद्दल त्याला पुढं शाबासकीही मिळाली.

जाताना त्यानं झुलाल पाटलाला बाजूला घेतलं. "वहीचं मी वर कळवत नाही," तो म्हणाला. "पण यापुढं दोन्ही वेळा तुम्ही स्वतः इथं हजर राहायचं. समोर अंगठा घ्यायचा, वेळ लिहायची, सही करायची. मी कधीही येऊन बघेन."

तापीबाई आठ दिवसांनी माहेरून आल्या. त्यांना वाटेतच सगळं कळलं होतं. गाडीतून उतरून त्या घरात गेल्या नाहीत, ओट्यावर बसलेल्या नवऱ्यासमोर चारचौघांत उभ्या राहिल्या.

"तपेलं कल्हईले धाडस म्हनीसन मी तुमले सांगं व्हतं. पत्ता खेळी ऱ्हायन्तात तुम्ही. हूं म्हनात."

"म्हनू आसीन," पाटील पुटपुटला.

"नि गोवालनी खरं सांगं तर त्याले मारं."

त्या संध्याकाळी तापीबाई ज्वारीची पाटी घेऊन भिलाटीत गेल्या. पाटलाच्या घरची बाई भिलाटीत येण्याचा तो पहिलाच प्रसंग. फुलीबाई नवी कोठी लिंपत होती. तिनं हात धुतले, पाटी घेतली, ज्वारी ओतून घेतली आणि रिकामी पाटी परत दिली. बसा म्हणाली नाही. तापीबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुन्ह्या पाटल्या नंदुरबारले शेतस. मी मागी लई येसू."

"या घेऊन," फुलीबाई म्हणाली. पाटल्या पुढं कधी आल्या नाहीत. पोलीसठाण्यात त्या कुठल्या चोरीच्या आहेत याचा तपास चालू होता.

गोवालचे पाय बरे व्हायला महिना लागला. पण हजेरी एकदाही चुकली नाही. काठी टेकत तो पहाटे चांदणी असताना चावडीवर जाई. आणि आता तिथं झुलाल पाटीलही असे, घोंगडी पांघरलेला, डोळे चिकटलेले, कंदिलाच्या उजेडात वही धरून. दिवेलागणीला पलीकडं गुरवाच्या ओट्यावरून पत्त्यांवरचा हशा ऐकू येई आणि पाटील इकडं पायरीवर मान ताणून तो ऐकत बसे.

पहिल्याच आठवड्यात त्यानं हळूच विचारलं, "गोवाल, चार दिनना आंगठा दी टाकस का?"

"फौजदारसाहेबनी नको सांगेल शे, आप्पा," गोवाल म्हणाला. आवाज नेहमीसारखाच नम्र होता.

मग मेहुणीचं लग्न आलं, शहाद्याला. पाटील सकाळी जाऊन जेवण न करता दिवेलागणीच्या आत परत आला. नंदुरबारला मिरचीचा बाजार भरला, तर भाव ठरायच्या आतच त्याला गाडी जुंपावी लागे. सासरा वारला तेव्हा तो दहाव्यालाही राहू शकला नाही. सासरवाडीत बोललं जाऊ लागलं, की जावयाला सरकारनं काहीतरी केलंय, गाव सोडायची बंदी आहे. एकदा रनाळ्याच्या एका पाहुण्यानं तर तोंडावरच विचारलं, "पाटील, तुमन्ही कशानी हजेरी शे?"

त्या दिवशी झुलाल पाटील पायरीवर वहीची मागची पानं उलटत बसला. गोवालनं अंगठा दिला आणि तो निघाला.

"गोवाल," पाटील म्हणाला, "अठरा वरीस तू आसाच येस का रे? पावसायामा भी?"

"हां, आप्पा."

"तुले कटाळा नही उना?"

गोवालला हसू आलं, पण त्यानं ते पागोट्याच्या शेवानं पुसलं. "कोनी इचारं नही, आप्पा," तो म्हणाला.

पाटलाला गोवालची दया आली असं म्हणता येणार नाही. त्याला स्वतःची आली, आणि ती इतकी आली की तिच्यातली थोडी बाजूला सांडली. पावसाळा संपता संपता त्यानं तलाठ्याकडून एक अर्ज लिहवून घेतला. त्यात गोवाल हा अत्यंत प्रामाणिक, निर्व्यसनी, देवभोळा व सरकारनिष्ठ इसम असून त्याजवर हजेरी असणे हा अन्याय आहे, असं ठणकावून लिहिलं होतं. गोवालच्या प्रामाणिकपणाचा हा गावातला पहिला लेखी पुरावा. अर्ज नंदुरबारला गेला, तिथून धुळ्याला, तिथं दिवाळी साजरी करून परत आला. थंडी सरायच्या सुमाराला झुलाल पाटलानं चावडीवर कागद वाचून दाखवला. गोवालचं नाव कमी झालं होतं. पाटील त्या संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून पत्ते खेळला.

कागद गोवालला देण्यात आला. "हाऊ कागद जपी ठेव," पाटील म्हणाला. "कोनी आडावं तर दखाड."

चार दिवसांनी गोवाल आणि फुलीबाई कालीबाईकडं निघाले. प्रकाशा गावाजवळ तापी नदी ओलांडायला नाव होती. नावेत बसताना घाटावरच्या शिपायानं नेहमीप्रमाणं भिलाला हटकलं, कुठला, कुठं चाललास, चिठ्ठी आहे का. गोवालनं छाती काढून कागद पुढं केला. शिपायाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो नावेतल्या एका पागोटेवाल्याकडं दिला. पागोटेवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला : 'सदर इसम गोवाल, जात भील, हा अठरा वर्षे गुन्हेगारांचे यादीत असून सांप्रत त्याची वर्तणूक सुधारल्याने...'

'सुधारल्याने'पाशी पोहोचेपर्यंत नावेतल्या लोकांनी आपापली गाठोडी मांडीवर घेतली होती. एका बाईनं गळ्यातली पोत पदराखाली ढकलली. नाव पैलतीराला लागेपर्यंत नवराबायकोच्या दोन्ही बाजूंना हातहातभर जागा मोकळी राहिली. तेवढी ऐसपैस जागा नावेत दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.

उतरल्यावर दोघं बरंच अंतर चालली.

"काय लिहिलंय त्यात?" फुलीबाईनं विचारलं. तिला ती मराठी नीट कळली नव्हती.

"मी आता चोर नाही, असं लिहिलंय."

"मग लोक घाबरले कशाला?"

गोवालनं कागद उलटसुलट करून पाहिला. "आधी होतो, असंही लिहिलंय," तो शेवटी म्हणाला.

फुलीबाई चालता चालता थांबली. "आधी कधी होतास?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता आणि आताही ती उत्तरासाठी विचारत नव्हती. तिनं हात पुढं केला, कागद घेतला, चार घड्या करून आपल्या कमरेशी लुगड्याच्या केळ्यात खोचला. "माझ्याकडं राहू दे," ती म्हणाली. "बायांना कुणी विचारत नाही."

तळोद्याच्या नाक्यावर पुन्हा एक शिपाई भेटला. कुठला, कुठं चाललास.

"निमखेडीचा. मुलीकडं चाललोय, धडगावच्या वर."

"चिठ्ठी?"

गोवालचा हात सवयीनं कमरेकडं गेला. अठरा वर्षांत या प्रश्नाला त्यानं 'नाही' म्हटलं नव्हतं. फुलीबाई शेजारी उभी राहून डोंगराकडं पाहत होती.

"चिठ्ठी कशाची?" तो म्हणाला. "मुलीकडं चाललोय."

शिपायानं त्याला खालवर पाहिलं. त्याच्याकडं यादी होती, पण ती ठाण्यात होती, आणि ऊन बरंच होतं. "जा," तो म्हणाला आणि सावलीत परतला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ते चढण चढून कालीबाईच्या घरी पोहोचले. कुडाचं घर, पुढं मोहाचं झाड, अंगणात तीन पोरं. कालीबाई पाण्याहून येत होती. तिनं बापाला पाहिलं आणि हंडा खाली ठेवून रडूच लागली, म्हणून मग फुलीबाईनं हंडा उचलून आत नेला. व्याही धनसिंग, मोठा दांडगा म्हातारा, त्यानं खाट बाहेर टाकली, पानाच्या द्रोणात मोहाची दारू आणली, पावसापाण्याचं, पिकाचं विचारलं. मग सहज म्हणाला, "व्याही, किती दिवस राहणार?"

याचं उत्तर आजवर नेहमी पाटील देत आला होता. गोवालनं आकडा शोधला, पण सापडेना. धनसिंगला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं जरा मोठ्यानं पुन्हा विचारलं.

"होळीपर्यंत," आतून फुलीबाई म्हणाली.

होळीला अजून एकवीस दिवस होते. गोवालनं ते बोटांवर मोजले आणि मग खाटेवर पाय वर घेऊन बसला.